वेगळे राहणारे आई-वडील: सीमाभागात मुलांची पोटगी, ताबा आणि भेटींचं काम कोणत्या क्रमानं करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात नवरा-बायको वेगळे झाले की पुढचा क्रम बहुतेक घरांत एकच असतो. आधी दोन्हीकडच्या मामा-काकांची बैठक होते. मग स्टॅम्प पेपरवर ‘मुलं आईकडे, पोटगी मागणार नाही’ असा कागद होतो आणि वर्ष-दीड वर्ष सगळे गप्प बसतात. शाळेची फी थकली की पोलीस ठाणं आठवतं आणि वकील सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा आहे, आणि त्याचा भुर्दंड मुलाला बसतो. पोटगी साधारणपणे अर्ज केलेल्या तारखेपासून मंजूर होते, त्यामुळे बैठकींत गेलेले महिने पुढं हिशेबात धरले जाणं कठीण असतं.

दुसरी अडचण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची. माहेर बेळगावला आणि सासर चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलला, हे इथं नेहमीचंच. बसनं दोन तासांची वाट, पण कोर्टाच्या दृष्टीनं मध्ये दोन राज्यं, दोन उच्च न्यायालयं आणि दोन भाषा आहेत. अर्ज कुठं करायचा हे चुकलं की सगळं काम मुळापासून परत करावं लागतं.

हा लेख आई आणि वडील दोघांसाठी आहे. मुलं कुणाकडेही राहत असली तरी टप्पे तेच.

आधी हे पाहा. घरात मारहाण होत असेल, किंवा मुलाला धोका असेल, तर खालचे टप्पे थांबू देत. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८. सुरक्षित जागी पोचल्यावर पुढचं वाचा.

## टप्पा १: पैसा आणि भेट हे दोन विषय वेगळे ठेवा

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे. आई म्हणते, ‘पैसे देत नाही, मग मुलगी दाखवणार नाही.’ बाप म्हणतो, ‘मुलगी दाखवत नाही, मग पैसे कशाचे?’ दोघांनाही आपलं म्हणणं न्यायाचं वाटतं. कायद्यात मात्र पोटगी मुलाच्या पोटासाठी आहे आणि भेटही मुलासाठीच आहे. एक अडवलं म्हणून दुसरं अडवायची मुभा कुणालाच नाही. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करायचा, भेट नाकारली तर भेटीचा अर्ज करायचा. स्वतःच्या हातानं शिक्षा द्यायला गेलेल्या पालकाविरुद्ध समोरचा वकील तीच गोष्ट प्रत्येक तारखेला वापरतो.

स्टॅम्प पेपरचंही इथंच समजून घ्या. आईनं ‘मुलांची पोटगी नको’ असं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क संपत नाही, कारण तो हक्क तिचा नाहीच. पंचांसमोर लिहिलेल्या सोडचिठ्ठीनं घटस्फोटही होत नाही. जातीच्या रूढीप्रमाणे सोडचिठ्ठी चालते असं कुणी म्हणत असेल, तर ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. असा कागद झाला असेल तर फाडू नका. वकिलाला दाखवा, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

## टप्पा २: कागद जमवा, आणि नावं जुळतात का ते बघा

वकिलाकडे जाण्याआधी एक जाड फाईल तयार करा. आधी मुलाचे कागद: जन्माचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, फीच्या पावत्या, गुणपत्रिका, दवाखान्याची कागदपत्रं. मग लग्नाचे: नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम, नसेल तर लग्नपत्रिका, फोटो आणि दोघांचं नाव असलेलं रेशनकार्ड.

त्यानंतर खर्चाची वही. इथं लोक घाई करतात आणि ‘महिना दहा हजार पाहिजेत’ असा गोल आकडा सांगतात. कोर्टाला आकडा कसा आला ते हवं असतं. किराणा-दूध, भाड्यातला मुलाचा वाटा, शाळेची बस, शिकवणी, औषधं हे महिन्याला येणारे खर्च एका पानावर लिहा. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश हे वर्षातून एकदा येणारे खर्च दुसऱ्या पानावर लिहा आणि त्यांची बेरीज बाराने भागा. जूनची फी मासिक हिशेबात घ्यायला विसरले की दर जूनला उसनवारी ठरलेली.

समोरच्याच्या उत्पन्नाचा पुरावा हा सीमाभागात वेगळा विषय आहे. नोकरदाराची पगारपत्रकं सहज मिळत नाहीत, पण नोकरीचं ठिकाण, हुद्दा, पगार जमा होणारी बँक एवढं कळलं तरी पगाराचा तपशील कोर्टात मागवण्याचा अर्ज करता येतो. शेती असेल तर महाराष्ट्रातल्या जमिनीचा सातबारा ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर आणि कर्नाटकातल्या जमिनीचा पहाणी उतारा ‘भूमी’ या संकेतस्थळावर पाहायला मिळतो. अनेकांच्या जमिनी दोन्हीकडे असतात, म्हणून दोन्हीकडे शोधा. ऊस कुठल्या कारखान्याला जातो तेही लिहून ठेवा, कारण ऊसबिल बँकेतून येतं आणि त्याची नोंद राहते. उद्यमबागेतली फौंड्री, वडगाव-शहापूरचे माग, इचलकरंजीतलं काम अशा ठिकाणी रोखीनं मजुरी मिळत असेल तर कामाची जागा, पाळी आणि मालकाचं नाव टिपून ठेवा.

नवरा लष्करात असेल (या भागात अशी घरं खूप आहेत) तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जवानाच्या पगारावर दिवाणी कोर्टाच्या जप्तीचा हुकूम चालत नाही. पण लष्कराच्या १९५० च्या कायद्यातच बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याची तरतूद आहे. त्यासाठी त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज जातो. म्हणून सेवा क्रमांक, रेजिमेंट आणि युनिटचा पत्ता आधीच मिळवून ठेवा. कोर्टातला अर्ज आणि हा अर्ज दोन्ही करता येतात, मात्र एकाची माहिती दुसरीकडे द्यायची.

तपासा: मुलाचं आणि आई-वडिलांची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का? लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, मराठी दाखल्यावरचं एक स्पेलिंग आणि कन्नड दाखल्यावरचं दुसरं, असे घोळ इथं घरोघरी आहेत. फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं शपथपत्र सुरुवातीलाच जोडा.

सावध: समोरच्याचा मोबाईल उघडून, पासवर्ड चोरून पुरावे काढू नका. स्वतःला आलेले मेसेज, स्वतःच्या खात्याचं पासबुक एवढं बहुतेक वेळा पुरतं.

## टप्पा ३: कोर्ट ठरवा

सीमाभागातली निम्मी प्रकरणं इथंच अडकतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

मुलांची पोटगी. पूर्वी ज्याला ‘एकशेपंचवीसचा अर्ज’ म्हणायचे, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. जुनं नाव लोकांच्या आणि कारकुनांच्या तोंडी अजून आहे, अर्जात मात्र नवं कलम लिहायचं. हा अर्ज सगळ्या धर्मांच्या लोकांना खुला आहे. मुस्लिम आई-वडिलांच्या मुलांनाही या मार्गानं पोटगी मिळते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केलं आहे. लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क तसाच राहतो. बायको राहते तिथं, नवरा राहतो तिथं किंवा दोघं शेवटी एकत्र राहिले तिथं अर्ज करता येतो. म्हणजे नवरा कोल्हापूरला असला तरी माहेरी खानापूरला राहणाऱ्या बाईला कोल्हापूरला जावं लागत नाही.

घरगुती हिंसाचाराचा कायदा, २००५. बाई तात्पुरती राहत असेल त्या ठिकाणीही अर्ज चालतो. खर्चासाठी पैसे, राहण्याची सोय आणि मुलांचा तात्पुरता ताबा, तिन्ही गोष्टी एकाच अर्जात मागता येतात.

घटस्फोटाच्या दाव्यात मुलांचा विषय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा, पोटगी आणि शिक्षण यांचा हुकूम त्याच दाव्यात मिळतो. हा कायदा जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. निपाणी-चिकोडी भागातली अनेक जैन कुटुंबं ‘आमचा कायदा वेगळा’ असं समजून थांबतात, तसं काही नाही. बायको दावा करत असेल तर ती राहते तिथल्या कोर्टात करू शकते. ख्रिस्ती कुटुंबांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यात मुलांच्या ताब्याची आणि खर्चाची तरतूद आहे.

फक्त ताबा किंवा पालकत्व. हा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली होतो आणि त्याचा नियम वेगळा आहे: मूल नेहमी जिथं राहतं तिथलंच कोर्ट. बाप कागलला, मुलगा आईबरोबर बेळगावला शिकतो, तर बापानं बेळगावला अर्ज करायला हवा. कोल्हापूरच्या वकिलाकडून तिथंच अर्ज टाकला आणि अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर परत आला, तर तेवढे महिने मुलाला न भेटताच जातात.

बेळगाव शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. जिथं असं न्यायालय नाही, तिथं पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे लोक ज्याला जेएमएफसी म्हणतात त्या कोर्टात जातो.

सावध: दोन राज्यांत दोन खटले होऊ देऊ नका. नवऱ्यानं कोल्हापूर जिल्ह्यात घटस्फोट टाकला आणि बायकोनं बेळगावात पोटगी, हे नेहमी घडतं. घटस्फोटाचा खटला बेळगावला आणायचा असेल तर ते ना कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाच्या हातात असतं ना मुंबई उच्च न्यायालयाच्या. दोन राज्यांमधली बदली फक्त सर्वोच्च न्यायालय करतं. बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा खटला हलवायला अर्ज दिल्लीत करावा लागतो, हे कुणी आधी सांगत नाही. तोपर्यंत तिकडच्या तारखा चुकवू नका. प्रवासाचा आणि खटल्याचा खर्च त्याच कोर्टात मागता येतो, तो मागा.

सावध: कोर्ट आपल्या बाजूचं व्हावं म्हणून मुलाला शाळेतून उचलून सीमेपलीकडे नेणारे पालक आहेत. असं पळवून नेल्यानं मुलाचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही आणि कोर्टासमोर तुमची बाजू मात्र कायमची दुबळी होते. मुलाला असं कुणी नेलं असेल तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि तातडीच्या अर्जासाठी वकिलाला गाठा. महिनाभर समजावत बसलात तर मूल नव्या शाळेत रुळतं आणि तेच पुढं तुमच्याविरुद्ध सांगितलं जातं.

## टप्पा ४: वकील आणि भाषा

बायका आणि मुलं यांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषांनाही मिळतो, इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. बेळगावात जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका समिती कोर्टाच्या आवारातच असते. देशभराचा क्रमांक १५१००.

आता भाषा. इथल्या कोर्टांचं काम कन्नड किंवा इंग्रजीत चालतं. मराठी येणारे वकील बेळगाव-निपाणी-खानापुरात भरपूर आहेत, पण त्यानं अर्धंच काम होतं. अर्ज आणि शपथपत्र ज्या भाषेत लिहिलं जातं, ती तुम्हाला वाचता येत नसेल तर सहीआधी शब्दन् शब्द मराठीत समजावून घ्या. उलटतपासणीत ‘हे तुम्ही लिहिलं आहे ना?’ असं विचारलं की ‘मला वाचता येत नाही, वकिलांनी सही करायला सांगितली’ हे उत्तर तुमचंच प्रकरण पाडतं. कन्नड मजकुराखाली ‘मराठीत वाचून समजावून सांगितलं’ अशी ओळ घालायला सांगा. महाराष्ट्रातले मराठी दाखले जोडताना सोबत भाषांतर द्या. साक्ष मराठीत द्यायची असेल तर ते वकिलाकरवी आधीच कोर्टाच्या कानावर घाला. त्याच दिवशी उभं राहून तुटक्या कन्नडमध्ये बोलायचा प्रयत्न करू नका. मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे, इथं आपल्याला नीट येणाऱ्या भाषेतच बोलावं.

कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा हक्क म्हणून मिळत नाही, परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते, पण वकील असला तरी न्यायाधीश तुमच्याशी थेट बोलतील अशी तयारी ठेवा.

तपासा: अर्ज दाखल झाल्यावर सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, लिहून घेतला का? ई-कोर्ट्सच्या अॅपवर त्यानं पुढची तारीख स्वतः पाहता येते. ‘वकिलांनी तारीख कळवली नाही’ ही तक्रार मग राहत नाही.

## टप्पा ५: मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र

सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. नमुनेही निकालासोबतच जोडलेले आहेत. शहरी-नोकरदारांचा नमुना वेगळा आणि शेतीवर जगणाऱ्या, ग्रामीण कुटुंबांचा वेगळा. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात शहरी नमुना दिला जातो, तो निम्म्या रकान्यांत ‘लागू नाही’ लिहितो आणि जमीन, जनावरं, पाण्याची सोय, पीक यांचा उल्लेखच राहून जातो. ग्रामीण नमुना आग्रहानं मागून घ्या.

स्वतःचं उत्पन्न लपवू नका. निपाणीत विड्या वळून मिळणारी मजुरी, शिवणकाम, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा येणारे पैसे, माहेरच्या शेतातला वाटा, सगळं लिहा. थोडं कमावणाऱ्या बाईच्या मुलांची पोटगी त्यानं बंद होत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे मुलांचा भार आई आणि वडील दोघांवर आहे, म्हणून कोर्ट दोघांची कुवत बघून वाटा ठरवतं. लपवलेले दोन हजार उघडे पडले की मग खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

बापांनीही हे वाचावं. ‘नोकरी सुटली’ एवढं सांगून सुटका होत नाही. धडधाकट माणसानं मजुरी करून का होईना, बायको-मुलांना पोसायचं आहे, ही न्यायालयांची ठाम भूमिका आहे. खरोखर अडचण असेल तर नोकरी गेल्याचा कागद, आजाराचे अहवाल, कर्जाचे हप्ते पुराव्यानिशी दाखवा. मात्र पोटगी सुरू झाल्यावर काढलेलं चारचाकीचं कर्ज कुणी अडचण म्हणून धरणार नाही.

किती मिळेल? कायद्यात ठरलेला आकडा किंवा टक्केवारी नाही. ‘पगाराच्या एक चतुर्थांश’ हे ऐकायला मिळतं ते एका निकालात बायकोच्या पोटगीच्या संदर्भात आलेलं आहे, तो नियम नाही. म्हणून टप्पा २ मधली वही.

## टप्पा ६: अर्जाबरोबरच अंतरिम मागणी

मूळ अर्ज निकालात निघायला वर्षं जाऊ शकतात. म्हणून त्याच दिवशी अंतरिम पोटगीचा वेगळा अर्ज द्यायचा. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निर्णय व्हावा असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो आणि त्याचं मोठं कारण म्हणजे नोटीसच पोचत नाही. पत्ता अपुरा, गाव दुसऱ्या राज्यात, घरचे म्हणतात ‘तो इथं राहत नाही’. यावर उपाय एकच: घरचा, कामाचा आणि शेताच्या गावचा असे सगळे पत्ते, चालू मोबाईल नंबर, तालुका, पोलीस ठाणं आणि पिनकोड अर्जात द्या.

अर्जात मुलाची मागणी आणि बायकोची मागणी वेगळ्या आकड्यांत लिहा. दोन मुलं असतील तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. उद्या बायकोच्या पोटगीवर वाद झाला तरी मुलांचं थांबत नाही. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी ही ओळही मागणीत असू द्या. आधी कुठं काही अर्ज किंवा हुकूम झाला असेल तर तो उघड सांगा. एका हुकमातली रक्कम दुसऱ्यात वजा होते, पण लपवलं तर अर्जच अडचणीत येतो.

नोटीस आली त्या पालकासाठी: घ्यायचं टाळू नका. मुद्दाम टाळलं असं कोर्टाला वाटलं तर एकतर्फी हुकूम होतो. तो रद्द करून घ्यायला तीन महिने मिळतात, तेही सबळ कारण दाखवलं तर.

## टप्पा ७: ताबा आणि भेटींचा आराखडा कागदावर आणा

ताब्याच्या प्रश्नात कोर्ट आधी मुलाचं हित बघतं, आई-बापाचा हक्क नंतर. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. समज आलेल्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश स्वतंत्र बसवून ऐकू शकतात. अशा वेळी मुलाला घरून पाठ करून पाठवू नका. पढवलेलं पोर दोन प्रश्नांत ओळखू येतं, आणि त्या पोराच्या मनावर जो ताण येतो तो कुठलाही हुकूम काढून टाकू शकत नाही.

‘महिन्यातून दोनदा भेट’ एवढ्याच शब्दांचा हुकूम घेऊन लोक बाहेर पडतात आणि पुढच्या रविवारीच भांडण. भेटीचा आराखडा बारकाईनं लिहून द्या. आपल्या भागासाठी यात काय हवं ते सांगतो.

*दिवस आणि वेळ.* ‘दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच’ असं. ताप आला, परीक्षा आली तर भेट कधी भरून द्यायची तेही.

*देण्या-घेण्याची जागा.* एकमेकांच्या दारात नको. निपाणी बसस्थानक, बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक, शिनोळी फाटा अशी दोघांना जमणारी सार्वजनिक जागा ठरवा. मूल कुणाच्या हाती द्यायचं त्यांची नावंही लिहा, म्हणजे ‘आजोबांकडे का दिलं’ हा वाद उरत नाही.

*बस बंद पडली तर.* सीमावाद तापला की निपाणीजवळ कोगनोळीच्या सीमानाक्यापाशी बसगाड्या थांबतात, कधी दोन-दोन दिवस. तेव्हाची भेट बुडाली असं न धरता पुढच्या रविवारी द्यावी आणि त्या दिवशी व्हिडिओ कॉल करून द्यावा, ही ओळ घाला. वेगळं राहणाऱ्या पालकाला फोन आणि व्हिडिओवरून मुलाशी बोलता यावं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सांगितलं आहे. फोनची वेळ ठरवून घ्या, आणि बोलणं चालू असताना मागून सूचना देणं बंद.

*सुट्ट्या.* कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. उन्हाळ्याची शाळाही कर्नाटकात आधी उघडते. बाप महाराष्ट्रातला असेल तर तो सवयीनं ‘दिवाळीचे पंधरा दिवस’ मागतो आणि मुलाची शाळा तेव्हा चालू असते. म्हणून मूल ज्या शाळेत शिकतं तिचं कॅलेंडर धरा. गणपती, गावची जत्रा, आजी-आजोबांकडचं कार्य हे आलटून-पालटून: यंदा गौरी-गणपतीला बापाकडे, तर पुढच्या वर्षी आईकडे.

*शाळा आणि माध्यम.* एकट्यानं शाळा बदलायची नाही, दुसऱ्याला लेखी कळवून आणि संमतीनंच बदलायची, असं कलम हवं. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. महाराष्ट्रात सातवीपर्यंत शिकलेल्या मुलीला अचानक आणलं तर तिला अक्षरांपासून सुरुवात करावी लागेल, हा विचार आधी करा. बदल झालाच तर, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्राथमिक शिक्षणापुरता हा हक्क शिक्षणहक्क कायद्यात आहे.

*दाखले.* जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना नाडकचेरीत (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयात) वडिलांकडचे कागद मागतात. वडील सीमेपलीकडे असतील आणि बोलणं बंद असेल तर दहावीनंतर पोराचं नुकसान होतं. मागितल्यावर ठराविक दिवसांत कागद आणि सही द्यायची, असं लिहून घ्या.

*सीमेपलीकडे राहायला जाणं.* कोर्टानं पालक म्हणून नेमलेल्या माणसाला मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर कायमचं न्यायचं तर परवानगी लागते. बेळगावहून गडहिंग्लजला बदली झाली तरी ती हद्द ओलांडणंच आहे. जाण्याआधी अर्ज करा.

तपासा: आराखडा अनोळखी माणसाला वाचायला द्या. पुढच्या महिन्यात मूल कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं, कुणाकडे असेल हे त्याला न विचारता सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ८: समझोता झाला तर तो कोर्टात नोंदवा

मध्यस्थी केंद्रात किंवा लोकअदालतीत प्रकरण मिटलं तर फार बरं. माझं मत असं की मुलांच्या विषयात समझोता नेहमी आधी करून पाहावा, कारण हुकमानं आलेली भेट आणि राजीखुशीनं दिलेली भेट यातला फरक मुलाला कळतो. पण तो समझोता कोर्टाच्या नोंदीत आला पाहिजे. रक्कम, तारीख, बँक खातं, दरवर्षीची वाढ आणि टप्पा ७ मधला आराखडा त्यात हवा. दरवर्षीच्या वाढीचं कलम राहिलं तर पहिलीतल्या मुलाची रक्कम दहावीपर्यंत तीच राहते.

एकरकमी पैसे घेऊन मुलांचा विषय मिटवायचा प्रस्ताव येतो. माहेरच्या घरावर कर्ज असेल तर मोह होतो. घ्यायचेच ठरले तर मुलाच्या नावानं ठेव करा आणि ती कशासाठी, कधी मोडायची ते समझोत्यात लिहा.

## टप्पा ९: पैसे घेणं, देणं आणि वसूल करणं

रोख नको, मामाच्या हातानं नको. बँकेतून किंवा यूपीआयनं, आणि टिपणीत ‘जुलैची पोटगी’ असं लिहून. देणाऱ्यालाही तोच पुरावा. शाळेची फी थेट भरलीत तर पावती ठेवा, पण ती पोटगीतून वजा करायची की वरची, हे आधी हुकमात असू द्या. वडिलांनी कपडे, सायकल, मोबाईल घेऊन दिला तर ती भेट, पोटगी नव्हे.

थकलं तर वाट बघू नका. कलम १४४ च्या हुकमाची वसुली मागण्यासाठी प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जुलैचा हप्ता पुढच्या ऑगस्टमध्ये आठवला तर तो या मार्गानं गेला. दोन-तीन हप्ते थकले की अर्ज टाका. कोर्ट वॉरंट काढतं, आणि तरीही दिलं नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात गेला म्हणून थकबाकी फिटत नाही, ती उरतेच.

सीमाभागासाठी सोयीची गोष्ट: बेळगावच्या कोर्टाचा पोटगीचा हुकूम, देणारा जिथं असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून अमलात आणता येतो. हुकमाची प्रत तुम्हाला मोफत मिळायला हवी, ती घ्या आणि कागलला असेल तर तिथल्या कोर्टात तो हुकूम न्या.

सावध: भेट नाकारली जात असेल तरी हप्ता थांबवू नका. भेटीच्या जागी जाऊन परत आलात तर बसचं तिकीट, तिथून केलेला मेसेज जपून ठेवा आणि त्यावर अर्ज करा.

## टप्पा १०: परिस्थिती बदलली की हुकूम बदलून घ्या

पगार वाढला, नोकरी गेली, मूल आजारी पडलं, शाळा बदलली: रक्कम वाढवायचा किंवा कमी करायचा अर्ज त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली होतो. आपापसात ठरवून कमी देऊ नका. तोंडी कबुलीला वसुलीच्या दिवशी किंमत नसते, कोर्ट हुकमातला आकडाच धरतं. ताब्याचा हुकूमही कायमचा नसतो. मूल मोठं होतं तशी भेटींची वेळ आणि पद्धत बदलायला अर्ज करता येतो.

अठरा पूर्ण झाली की कलम १४४ ची पोटगी साधारणपणे थांबते. अपंगत्वामुळे किंवा मानसिक आजारामुळे स्वतःचा भार उचलू न शकणाऱ्या मुलाला ती पुढंही मिळते. हिंदू कुटुंबातल्या अविवाहित मुलीला, तिचं स्वतःचं उत्पन्न पुरत नसेल तर, १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली अठरानंतरही मागता येते. तो अर्ज वेगळा असतो, म्हणून बारावीच्या वर्षातच वकिलाशी बोलून ठेवा.